हिवाळ्याची बेगमी आणि एक सरकारी फोटो

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण अर्ध्यात सोडू नका.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी नुकताच तालुक्याच्या बातम्या पाठवायला लागलो होतो. कांद्याचे भाव चढले होते. एका गावात कांद्याने गच्च भरलेली चाळ दिसली, फोटो काढला, पाठवला. ओळ मीच लिहिली, 'भाववाढीसाठी साठेबाजी?' प्रश्नचिन्ह टाकलं की आपली जबाबदारी संपली असं तेव्हा वाटायचं. आठवड्याभराने ते शेतकरी आण्णा बाजारात भेटले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "भाऊ, उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. तो दिवाळीपर्यंत टिकवायचा तर चाळीतच ठेवणार ना? ही आमची वर्षाची बेगमी आहे. फोटो तुमचा खराय हो. पण तुम्हाला त्यात चोर कुठून दिसला?"

मला उत्तर देता आलं नाही. मथळा मागे घेता येत नाही, तो छापून गेलेला असतो.

हे सगळं परत आठवायचं कारण म्हणजे कॅनडातल्या एका विस्थापनाबद्दल मी सध्या वाचतोय. तिथेही एक फोटो आहे. त्यातही कोणाची तरी बेगमी आहे. फरक एवढाच की आण्णांची चाळ दुसऱ्या दिवशी जागेवर होती. तिथे अख्खं गाव उचललं गेलं.

आधी प्राण्याबद्दल. कॅरिबू म्हणजे आपण ज्याला रेनडिअर म्हणतो त्याच जातीचा उत्तर अमेरिकेतला रानटी प्राणी. नर-मादी दोघांनाही शिंगं. हडसन उपसागराच्या पश्चिमेला झाडं संपतात आणि टुंड्राचं उघडं माळरान सुरू होतं. तिथले कॅरिबू उन्हाळ्यात उत्तरेकडे माळावर जातात, तिथे वितात आणि थंडीची चाहूल लागली की दक्षिणेकडे जंगलाच्या आसऱ्याला परततात. हजारोंचे कळप, शेकडो किलोमीटरची पायपीट, दर वर्षी.

या वाटेवर राहणारे लोक म्हणजे सायिसी डेने. यांचं जुनं नावच 'कॅरिबू खाणारे' अशा अर्थाचं होतं. मांस, कपडे, तंबूची कातडी, शिवायला लागणारा स्नायूंचा दोरा, हाडांची हत्यारं, सगळं या एका प्राण्यातून. आपल्याकडे नारळाबद्दल म्हणतात ना, त्याचं काही वाया जात नाही, तसं.

आता मुद्द्याची गोष्ट. हंगाम संपतानाची शिकार. आपल्याला शिकार म्हटलं की बंदूक घेतलेला कोणीतरी हौशी माणूस दिसतो. डेने लोकांची शरदातली शिकार हा वर्षाचा अर्थसंकल्प होता. त्यात काय काय बघावं लागायचं ते ऐका.

पहिली गोष्ट चरबी. उन्हाळाभर खाऊन ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये नरांच्या पाठीवर जाड थर चढतो. उणे तीस-चाळीसच्या थंडीत नुसत्या कोरड्या मांसावर माणूस जगत नाही, चरबी लागते. आणि ऑक्टोबरचा मध्य उलटला की नर माजावर येतात, चरबी उतरते, मांसाला उग्र वास येतो. म्हणजे उशीर केला तर बेगमी हलकी.

दुसरी गोष्ट कातडं. कॅरिबूच्या पाठीत एका माशीच्या अळ्या वाढतात आणि वसंतात कातडीला भोकं पाडून बाहेर पडतात. ती भोकं उन्हाळ्यात भरून येतात. हिवाळ्यातल्या कातड्याचे केस फार लांब, ते गळतात. म्हणून अंगावर घालायचं कातडं मिळवायचे दिवस मोजकेच, उन्हाळ्याच्या शेवटापासून शरदापर्यंत.

तिसरी गोष्ट थंडी. लवकर मारलं तर माशा बसतात, मांस सडतं. त्या मांसाच्या पातळ पट्ट्या काढून वाळवाव्या लागतात. आपल्याकडे मराठवाड्यात चान्या करतात, तसंच काहीसं. पण जरा थांबून, गारठा धरल्यावर मारलं तर निसर्गच फ्रीज होतो. जनावर दगडांखाली किंवा फांद्यांखाली झाकून ठेवायचं, ते गोठून राहतं, आणि हिवाळ्यात कुत्र्यांची गाडी घेऊन जाऊन लागेल तसं आणायचं. आणखी उशीर केला तर तळ्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा येतो. त्यावर होडीही चालत नाही आणि गाडीही नाही.

चौथी गोष्ट जागा. कॅरिबू तळी-नद्या ओलांडतात ते ठरावीक ठिकाणी. आपण उतार म्हणतो तसे त्यांचे उतार असतात, पिढ्यान् पिढ्या तेच. त्यांचे केस आतून पोकळ, त्यामुळे पाण्यात ते छान तरंगतात, पण वळून पळता येत नाही. शिकाऱ्याने तिथेच गाठायचं. पूर्वी होडीतून भाल्याने, नंतर बंदुकीने.

या सगळ्याचा मेळ वर्षातून काही आठवडेच बसतो. त्या दिवसांत जेवढं होईल तेवढं करायचं, कारण कळप पुढे गेला की गेला. माणसांना तर खायला हवंच, शिवाय प्रत्येक घराची कुत्री. कुत्रा उपाशी तर गाडी बंद, गाडी बंद तर सापळे बंद आणि साठवलेलं मांस आणायलाही कोणी नाही.

हे नियोजन किती जुनं आहे याची लेखी साक्ष आहे. सॅम्युअल हर्न नावाचा हडसन्स बे कंपनीचा इंग्रज चर्चिल नदीच्या मुखावरच्या किल्ल्यातून उत्तरेला तांब्याच्या खाणी शोधायला निघाला. इकडे पुण्यात थोरल्या माधवरावांचा काळ चालू होता तेव्हाची ही गोष्ट. १७६९ आणि १७७० अशा दोन खेपा त्याच्या फसल्या. तिसऱ्या वेळी, डिसेंबर १७७० मध्ये, तो मातोनाबी या डेने पुढाऱ्याच्या मागे निघाला आणि आर्क्टिक समुद्रापर्यंत जाऊन १७७२ मध्ये सुखरूप परतला. मातोनाबीने त्याला आधीच्या अपयशाचं कारण सांगितलं होतं. तुझ्याबरोबर बायका नव्हत्या, मग कातडी कमवायची कोणी, शिवायचं कोणी, ओझं कोणी वाहायचं? नकाशा हर्नच्या कागदावर होता, वेळापत्रक मात्र कॅरिबूचं होतं, आणि ते मातोनाबीला पाठ होतं.

हर्नने एक हिशोबही लिहून ठेवलाय. एका माणसाचा एक पुरता पोशाख करायचा तर आठ ते अकरा कॅरिबूंचं चांगलं कातडं लागतं, आणि कपडे व घरच्या इतर गरजा धरून माणशी वर्षाला वीसच्या वर कातडी जातात. पाच माणसांच्या घराला शंभर! १९५० च्या सुमाराला हा आकडा जसाच्या तसा लागू नव्हता, दुकानातलं कापड आलं होतं. पण शेकडो जनावरं म्हणजे उधळपट्टीच असावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

आता फोटो.

चर्चिलच्या वायव्येला, मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर टोकाला, लिटल डक लेक नावाचं तळं आहे. तिथे हडसन्स बे कंपनीची छोटी वखार होती आणि सायिसी डेने तिच्या आधाराने राहत होते. १९५५ च्या शरदात प्रांताच्या वन्यजीव खात्याची माणसं तिथे गेली. पाण्याच्या काठाला शेकडो मेलेले कॅरिबू पडलेले दिसले. त्यांनी फोटो काढले. फोटो कचेऱ्यांत पोचले आणि त्यांचा अर्थ ठरून गेला. बेसुमार कत्तल. हे लोक गरजेपेक्षा जास्त मारतात आणि टाकून देतात.

ज्यांनी मारले होते त्यांच्या लेखी ते टाकलेले नव्हते, ठेवलेले होते. थंडी पडत होती. पुढचे सात-आठ महिने त्या काठावर होते.

अधिकाऱ्यांची बाजूही सांगतो, कारण ते काही खलनायक नव्हते. त्या वेळी कॅनडात कॅरिबूंबद्दल खरीच घबराट होती. पूर्वी लोक लाखांत नाही, कोटींत अंदाज करायचे. १९४८-४९ मध्ये बॅनफील्ड या शास्त्रज्ञाने विमानातून पहिली मोठी पाहणी केली आणि आकडा आला सुमारे ६ लाख ७० हजार. १९५५ च्या पाहणीत तो ३ लाखांच्याही खाली आला. सहा-सात वर्षांत निम्म्याहून कमी! कोणत्याही वनाधिकाऱ्याची झोप उडेल असाच हा आकडा. मग लांडग्यांना विष घालायची मोहीम निघाली आणि दुसरं बोट माणसांकडे वळलं.

पण ही मोजणी व्हायची कशी? विमान ठरावीक पट्ट्यांवरून उडवायचं, खाली दिसतील ते मोजायचे आणि बाकीच्या मुलखाला गुणून टाकायचं. कळप त्या आठवड्यात दुसऱ्या खोऱ्यात असला की गणित कोसळलं. खरी घट असेलही, पण त्या आकड्यात किती कॅरिबू कमी झाले आणि किती नुसते दिसले नाहीत, हे वेगळं काढणं तेव्हा शक्य नव्हतं. अशा कच्च्या आकड्याला जोडायला एक पक्का फोटो मिळाला. आमच्या धंद्यातला माणूस लगेच ओळखेल, आकडा कोणी वाचत नाही, फोटो सगळे बघतात.

त्यात कंपनीने वखार बंद करायचं ठरवलं. सरकारच्या दृष्टीने दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर होतं, लोकांनाच हलवा.

ऑगस्ट १९५६. विमान डक लेकवर उतरलं. लोकांना सामानातलं थोडंफार घेऊन बसायला सांगितलं. होड्या, सापळे, कुत्र्यांच्या गाड्या, बरंचसं मागेच राहिलं. महिना लक्षात घ्या, ऑगस्ट. कळप परतायला काही आठवडे उरले होते. ज्या दिवसांसाठी वर्षभर तयारी असते, नेमक्या त्या तोंडावर त्यांना चर्चिलच्या खडकाळ किनाऱ्यावर नेऊन सोडलं. घरं तयार नव्हती. काम नव्हतं. बेगमी तर नव्हतीच.

ज्यांच्यावर बेहिशोबीपणाचा ठपका ठेवला त्यांच्याकडे वर्षाचा हिशोब होता. ज्यांनी ठपका ठेवला त्यांच्याकडे पुढच्या हिवाळ्याचाही नव्हता.

पुढे त्यांची वस्ती स्मशानाशेजारी हलवली. तिचं नाव कॅम्प १०. मेलेल्यांच्या शेजारी राहायचं, ही गोष्ट त्या समाजाला किती जाचली असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको. १९६७ मध्ये शहरापासून काही अंतरावर डेने व्हिलेज नावाची वसाहत केली. तोवर दहा वर्षं गेली होती. लोक गावच्या कचऱ्याच्या ढिगावर अन्न शोधत होते. दारू, मारामाऱ्या, घरांना लागलेल्या आगी, गारठून झालेले मृत्यू. सुमारे २५० माणसं आणली होती. पुढच्या दोनेक दशकांत त्यातली ११७ गेली, असं हा समाज सांगतो. जवळपास निम्मं गाव.

या समाजाच्या प्रमुख राहिलेल्या आयला बुसिडॉर यांनी एका सहलेखिकेबरोबर १९९७ मध्ये 'नाइट स्पिरिट्स' हे पुस्तक काढलं. लोकांच्या तोंडच्या आठवणी त्यात आहेत. स्वतः आयला त्याच चर्चिलमध्ये लहानाच्या मोठ्या झाल्या. फोटोची ओळ चाळीस वर्षांनी, पुस्तकाच्या रूपाने, फोटोतल्या लोकांनी लिहिली.

हा एकटा प्रसंग नाही. शेजारच्या अहियारमियुत इनुइट लोकांनाही कॅनडा सरकारने १९५० च्या दशकात एनाडाई तळ्यावरून पुन्हा पुन्हा हलवलं आणि त्यात उपासमारीने माणसं गेली. त्यांची माफी जानेवारी २०१९ मध्ये मागितली गेली. सायिसी डेनेंची माफी मॅनिटोबा प्रांताने २०१० मध्ये आणि केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये मागितली, ३ कोटी ३६ लाख डॉलरच्या भरपाईसह. साठ वर्षांनी.

पण माफीच्या कितीतरी आधी या लोकांनी स्वतः एक गोष्ट केली होती. १९६० चं दशक संपता संपता काही कुटुंबं चर्चिल सोडून परत आत, रानाकडे निघाली. १९७३ मध्ये टॅडूल लेक इथे गाव वसलं. आजही तिथे बारमाही रस्ता नाही. विमानाने जा, नाहीतर हिवाळ्यात बर्फावरून. जागा निवडायचं मोठं कारण तेच, तिथे कॅरिबू येतात.

आणि त्या आकड्यांचं काय झालं? सायिसी डेने ज्या कळपावर जगतात त्याला आता कमानिरजुआक कळप म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी शास्त्रज्ञांनी तो ५० हजारांच्या खाली गेल्याचं सांगितलं. पुन्हा घबराट. शिकारी म्हणत होते, कॅरिबू आहेत, तुम्ही बघताय तिथे नाहीत. काही वर्षांतच नव्या पाहणीत आकडा लाखाच्या बराच वर निघाला आणि १९९४ मध्ये सुमारे ४ लाख ९६ हजार. एवढी वाढ नुसत्या पिल्लांनी होत नाही. आधीची मोजणीच कमी पडली असावी. या भांडणातूनच १९८२ मध्ये एक संयुक्त मंडळ झालं. त्यात सरकारी शास्त्रज्ञ आणि कॅरिबूवर जगणाऱ्या गावांचे प्रतिनिधी एका टेबलावर बसतात. ते आजही चालू आहे.

आता इथे कोणी म्हणेल, म्हणजे आदिवासी नेहमी बरोबर, शास्त्रज्ञ नेहमी चूक. तसं मला म्हणायचं नाही. कॅरिबू खरंच कोसळतात. क्युबेक-लॅब्राडोरचा जॉर्ज रिव्हर कळप १९९० च्या दशकात ७ लाखांच्या वर होता, २०१८ मध्ये साडेपाच हजार उरला. बाथर्स्ट कळप १९८६ मध्ये ४ लाख ७२ हजार होता, २०२१ मध्ये सव्वासहा हजारांच्या आसपास. लॅब्राडोरमध्ये २०१३ पासून शिकारबंदी आहे. बाथर्स्टच्या बाबतीत २०१० मध्ये तिथल्या त्लिचो लोकांच्या सरकारने प्रदेश सरकारबरोबर बसून शिकारीवर कडक मर्यादा मान्य केली. ज्यांचं पोट त्यावर, त्यांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला. त्यांच्याशी बोलून ठरवलं तर ते ऐकतात, १९५६ मध्ये कोणी हे करून बघितलं नाही एवढंच.

आज टॅडूल लेकचा माणूस शिकारीला निघतो तेव्हा कुत्र्यांऐवजी स्नोमोबाइल असते. पेट्रोल महाग, कारण तेही बर्फाच्या रस्त्याने किंवा विमानाने येतं. कळप जवळ आला नाही तर किती लांब जायचं, किती डबे न्यायचे, परतीला किती ठेवायचे, किती जनावरं आणायची आणि गावातल्या कोणत्या म्हाताऱ्यांच्या घरी वाटा द्यायचा, हे सगळं आधी ठरवावं लागतं. साधनं बदलली, हिशोब तोच. चरबी कधी, कातडं कधी, बर्फ कधी.

आमच्या धंद्यापुरतं बोलतो. डक लेकचा तो फोटो खोटा नव्हता. त्यात जे दिसत होतं ते तिथे होतंच. पण फोटोत महिना दिसत नाही. तो शरद आहे, पुढे लांबलचक हिवाळा आहे, हे फोटोत कुठे येणार? ते त्या काठावर उभ्या असलेल्या माणसालाच विचारावं लागतं. विचारायला कोणाची बंदी नव्हती. विचारलं नाही, कारण उत्तर आधीच ठरलं होतं.

आण्णा आता राहिले नाहीत. त्यांच्या मुलाने नवी, पत्र्याची चाळ बांधलीय. गेल्या वर्षी भाव चढले तेव्हा माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोराने तिचा फोटो आणला आणि म्हणाला, "सर, साठेबाजीची मस्त स्टोरी आहे." मी त्याला म्हटलं, आधी जाऊन विचारून ये, कांदा कधी काढला, कधी विकणार आणि मधल्या महिन्यांत घर कशावर चालतं. तो कुरकुरत गेला. दोन तासांनी परत आला तो वेगळीच बातमी घेऊन. चाळीतला निम्मा माल सडला होता. ती बातमी आम्ही छापली.

तुमच्या भागात असा एखादा 'फोटो' असेल, ज्यात दिसलं एक आणि होतं दुसरंच, तर खाली लिहा. नावं नकोत, गोष्ट सांगा.